साडेचारशे बोरची बंदी

मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी इंग्रज बंदूककारांनी तयार केलेल्या काडतुसांची यादी वाचताना एका ठिकाणी मी नेहमी थांबतो. १८९८ मध्ये ४५० बोरचे काडतूस आले आणि जगभरच्या शिकाऱ्यांनी ते डोक्यावर घेतले. नंतर १९०७ च्या आसपास ४६५, ४७०, ४७५, ४७६ अशी काडतुसे एकापाठोपाठ एक बाजारात उतरली. बोरचा आकडा म्हणजे नळीच्या व्यासाचे, इंचाच्या हजाराव्या भागात केलेले माप. ४५० आणि ४७० यांत फरक पडतो तो इंचाच्या वीस हजारांशांचा, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. अंगावर येणाऱ्या हत्तीला एवढा फरक जाणवत नाही. मग चांगले चालणारे काडतूस बाजूला ठेवून, पैसा ओतून, नव्या नळ्या आणि नवे साचे करून हा अर्धा मिलिमीटर मिळवण्याची गरज कोणाला पडली?

ती गरज जंगलातून आली नव्हती. ती आली होती वायव्य सरहद्दीवरच्या डोंगरांतून, जिथे आफ्रिदी पठाण इंग्रज सैन्याच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून पुन्हा भरत होते. शिकारीच्या इतिहासात हा उल्लेख एका ओळीत येतो आणि निघून जातो. मला वाटते, त्या एका ओळीत हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याचा पन्नास वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

बुंदुक, बारूद आणि ठासणी

आधी शब्दांकडे पाहू. आपला ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’वरून आला. बुंदुक म्हणजे मूळचे एक कवचाचे फळ, हेझलनट. त्याच आकाराच्या मातीच्या गोळीलाही तेच नाव पडले आणि पुढे गोळी फेकणाऱ्या हत्यारालाही. ‘काडतूस’ पोर्तुगीजांच्या ‘कार्तुशो’वरून आले. ‘दारू’ हा फारसी शब्द, मूळ अर्थ औषध. म्हणजे मराठी माणूस काडतुसाच्या बंदुकीत दारू भरतो, तेव्हा अरब, इराणी आणि पोर्तुगीज एका वाक्यात येऊन बसतात.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अजून घराघरांत सापडतात. माझ्या आजोबांकडेही एक होती. दारू मापाने नळीत ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, गजाने ठासायचे आणि मागे टोपी बसवायची. प्रत्येक बार स्वतःच्या हाताने भरलेला. दारू किती घालायची हे हाताला कळलेले असे. कमी पडली तर डुकराला गुदगुल्या, जास्त झाली तर नळी फुटून आपलीच बोटे जायची.

जुन्या काळी मोठ्या जनावरावरचा उपायही असाच ढोबळ होता. गोळी मोठी करा, दारू वाढवा. बोर तेव्हा वजनावर मोजत. एका पौंड शिशातून बारा सारख्या गोळ्या झाल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोर. आपल्याकडच्या दुनळीचा बारा बोर तो हाच. हत्तीसाठी चार बोर वापरत, म्हणजे पाव पौंडाची एक गोळी, आणि दहा-दहा किलोच्या बंदुका. बार उडाला की धुराचा ढग उठे. त्या ढगापलीकडे जखमी हत्ती पळतोय की धावून येतोय, ते शिकाऱ्याला दिसत नसे.

काडतूस दाताने तोडणारा शिपाई

सैन्यात हीच ठासणी कागदात गुंडाळली गेली. मोजलेली दारू आणि गोळी एका कागदी सुरळीत. शिपायाने टोक दाताने तोडायचे, दारू नळीत ओतायची, वंगण लावलेल्या कागदासकट गोळी गजाने ठासायची. एनफिल्ड रायफलीचे काडतूस असेच होते आणि १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडमहून त्याच्याबद्दलची बोलवा पसरली. गाईची आणि डुकराची चरबी. एका तोंडात दोघांचाही धर्म बुडत होता.

या प्रसंगातला एक तपशील फारसा सांगितला जात नाही. बोलवा कानावर आल्यावर सरकारने जानेवारीतच आज्ञा काढली की काडतुसे वंगणाशिवाय द्यावीत आणि शिपायांनी बाजारातून हवे ते वंगण आणून स्वतः लावावे. पुढे दाताऐवजी हाताने तोडण्याचीही मुभा दिली. पण तोवर विश्वास उडाला होता. मेरठला २४ एप्रिलच्या कवायतीत तिसऱ्या घोडदळाच्या ९० जणांपैकी ८५ जणांनी काडतुसाला हात लावला नाही. त्यांत मुसलमान होते, हिंदूही होते. ९ मे रोजी सगळ्या पलटणींसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटले.

इंग्रजांनी यातून जो धडा घेतला तो वंगणाचा नव्हता. हिंदी माणसाच्या हातात कोणते काडतूस असावे, हे पुढे त्यांनी फार काटेकोरपणे ठरवायला सुरुवात केली. तोफखाना जवळजवळ पूर्णपणे गोऱ्यांकडे गेला. हिंदी पलटणींच्या हातातले हत्यार गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने राहील, अशी व्यवस्था झाली. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायाकडे जुनी स्नायडर होती. १८८० च्या जुलैत अफगाणिस्तानात मैवंदला अयुबखानाच्या फौजेने इंग्रजांचा पराभव केला. त्या दिवशी मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर आणि जेकब्स रायफल्स या पलटणी स्नायडर घेऊन उभ्या होत्या आणि बाजूच्या गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी होती. त्याच वाळूत, त्याच शत्रूसमोर, शेजारी शेजारी उभे राहून मरणाऱ्यांत हा भेद होता.

नागरिकांसाठी १८७८ चा शस्त्रकायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनांना सूट. शिकार हा साहेबाचा, राजेरजवाड्यांचा, नवाबांचा शौक उरला. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे नाव वाघांच्या शिकारीत गाजले. त्यांच्याच राज्यातल्या शेतकऱ्याला मात्र वाघाने बैल नेला तर भाला नाहीतर ठासणी.

स्पॅगेटीसारखी दारू

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दारू बदलली. १८८९ मध्ये एबल आणि ड्यूअर या शास्त्रज्ञांनी कॉर्डाइटचे पेटंट घेतले. नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के, गनकॉटन ३७ टक्के आणि ५ टक्के व्हॅसलीन. हे मिश्रण शेवयांसारख्या लांब दोऱ्यांत काढत, म्हणून नाव कॉर्डाइट. धूर जवळजवळ नाही आणि जोर काळ्या दारूच्या कित्येक पट. निलगिरीत अरुवनकाडूला याचा सरकारी कारखाना विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला उभा राहिला.

जॉन रिग्बीच्या दुकानाने ४५० बोरची जुनी लांब पुंगळी घेतली आणि तिच्यात कॉर्डाइट भरले. १८९८ चे ते ४५० नायट्रो एक्स्प्रेस. ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची गोळी, ७० ग्रेन कॉर्डाइट आणि वेग सेकंदाला २१५० फूट. चार बोरच्या तोफेसारख्या बंदुकीचे काम आता पाच किलोची सुबक दुनळी करू लागली. धुराचा ढग गेला आणि दुसरी गोळी शिकाऱ्याला समोर बघून मारता येऊ लागली. जीव वाचवणारा बदल होता तो.

आता मार्टिनी-हेन्रीचे काडतूस शेजारी ठेवा. बोर ४५०. गोळी ४८० ग्रेनची. फक्त आत ८५ ग्रेन काळी दारू आणि वेग सेकंदाला साधारण १३५० फूट. गोळीचे वजन तेच आणि जाडीही जवळपास तीच. शिकारी साहेबाच्या पेटीतली गोळी आणि सरहद्दीवरच्या पठाणाच्या बंदुकीतली गोळी बहिणी-बहिणी होत्या.

सरहद्दीवरचे कारागीर

पठाणांकडे मार्टिनी आली ती अनेक वाटांनी. काही लढाईत लुटलेली, काही छावण्यांतून चोरलेली. बरीच मस्कतच्या बाजारातून मकरान किनाऱ्यावर उतरून उंटांवरून आत गेलेली. इंग्रज आरमाराने ही वाहतूक अडवण्यासाठी पुढे आखातात अनेक वर्षे पहारे ठेवले. आणि कोहाटजवळच्या दर्रा आदमखेलमध्ये तर आफ्रिदी लोहार ती स्वतःच बनवू लागले. भाता, हातपवा, कानशी एवढ्या साधनांवर ते मार्टिनीची नक्कल करत. कारखान्याचा शिक्कासुद्धा हुबेहूब उठवत, फक्त कधी कधी इंग्रजी अक्षर उलटे पडे.

बंदूक बनवता येते, पण काडतुसाचे काय? पितळी पुंगळी पुनःपुन्हा वापरता येते. बार उडाल्यावर ती फुगते. तिला पुन्हा मापात आणायची, मागची वापरलेली टोपी काढून नवी बसवायची, दारू भरायची आणि तोंडावर गोळी दाबायची. अमेरिकेतला शौकीन आज गॅरेजमध्ये बसून हेच करतो, त्याला हॅण्डलोडिंग म्हणतात आणि त्यावर जाडजूड पुस्तके निघतात. सरहद्दीवर हेच काम गरजेपोटी चाले.

१९०७ मध्ये इंग्रज सरकारने ४५० बोरची काडतुसे हिंदुस्थानात आणि सुदानात आणायला बंदी घातली. शिकारीच्या इतिहासात कारण दिले जाते ते हेच. ही काडतुसे बंडखोरांच्या हाती पडली तर ते गोळ्या काढून मार्टिनीत वापरतील. सुदानचे नाव सोबत येते यातच अर्थ आहे. मेहदीच्या अनुयायांशी झालेली ओमदुरमानची लढाई होऊन तेव्हा दहाच वर्षे होत आली होती.

तंत्राच्या नजरेने पाहिले तर ही भीती अर्धवट होती. नायट्रो एक्स्प्रेसची पुंगळी सव्वातीन इंच लांब आणि सरळ उतरत्या आकाराची. मार्टिनीची आखूड आणि बाटलीसारखी. एकाचे काडतूस दुसऱ्याच्या घरात बसणे शक्यच नव्हते. उपयोगाची होती ती फक्त गोळी. आणि शिशाची गोळी कोणताही लोहार चुलीवर ओतू शकतो. पण ज्याला १८५७ आठवते आणि मैवंद आठवते, त्या सरकारला एवढा हिशोब करायचा नव्हता. आकडा सारखा आहे एवढे पुरेसे होते.

हिंदुस्थान म्हणजे लंडनच्या बंदूककारांचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. ते बंद झाल्यावर प्रत्येकाने ४५० च्या जरा वर, पण त्याच ताकदीचे काडतूस काढले. हॉलंड अँड हॉलंडचे ४६५, जोसेफ लँगचे ४७०, वेस्टली रिचर्ड्सचे ४७६, ईलीचे दुसऱ्या क्रमांकाचे ४७५. यातले ४७० सगळ्यांत टिकले. ५०० ग्रेनची गोळी आणि वेग तोच २१५० फूट. आजही आफ्रिकेत हत्तींच्या मुलखात वाटाड्याच्या खांद्यावर दुनळी दिसली तर ती ४७० असण्याचा संभव मोठा. काही नावे मात्र फसवी आहेत. जिम कॉर्बेट यांची जेफ्रीची दुनळी ४५०/४०० होती. नावात ४५० आहे, पण पुंगळीचे तोंड आवळून त्यात ४०० ची गोळी बसवलेली. म्हणून ती बंदीतून सुटली.

४७० चे श्रेय प्रत्येक पुस्तकात लंडनच्या दुकानाला दिलेले असते. दर्राच्या त्या अनामिक लोहाराचे नाव कुठे नाही. तो नसता तर हे काडतूस जन्मालाच आले नसते.

निवड कशाची करायची?

पुढच्या काळात दुनळीशेजारी मॅगझिनची रायफल आली आणि तिच्यासोबत ‘मॅग्नम’ हा शब्द रुळला. लॅटिनमध्ये मॅग्नम म्हणजे मोठे. मोठ्या बाटलीलाही तेच नाव. रिग्बीचे ४१६ हे १९११ चे आणि हॉलंडचे ३७५ मॅग्नम १९१२ चे. ३७५ च्या पुंगळीची घडण हिंदुस्थान-आफ्रिकेच्या उन्हाने ठरवली, असे म्हणायला हरकत नाही. कॉर्डाइट तापले की त्याचा दाब वाढतो आणि पुंगळी नळीत घट्ट चिकटते. समोर वाघ असताना पुंगळी अडकणे म्हणजे मरण. म्हणून ३७५ ची पुंगळी भरपूर निमुळती ठेवली, म्हणजे ती चटकन सुटते. पण असा निमुळता आकार आत नेमका कुठे थांबणार? त्यासाठी बुडाशी एक उंच पट्टा दिला. हाच पट्टा पुढे मॅग्नम काडतुसांची ओळख बनला, नंतरच्या कितीतरी काडतुसांना त्याची खरी गरज नसतानाही.

मोठेच हवे का, यावर शिकाऱ्यांत तेव्हापासून वाद आहे. बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यांतले बरेचसे २७५ रिग्बीसारख्या बारीक काडतुसाने. त्याला हत्तीच्या कवटीचा नकाशा पाठ होता. पण त्याने निवांत उभ्या हत्तीवर, जागा शोधून गोळी मारली. झुडपातून पंधरा पावलांवर अंगावर आलेल्या रानरेड्यासमोर नकाशा आठवत नाही, तिथे वजन लागते. आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी ३७५ ही किमान मर्यादा धरतात, त्यामागे हाच विचार आहे.

गोळीच्या प्रकाराचाही वाद आहे. हत्तीसाठी पूर्ण कवचाची कठीण गोळी, जी हाड फोडून सरळ जाते. वाघासाठी मऊ टोकाची, जी आत गेल्यावर फुलते आणि जनावर लवकर पडते. मऊ टोकाच्या गोळीचे लष्करी रूप याच डमडमच्या कारखान्यात १८९६-९७ च्या सुमारास तयार झाले आणि सरहद्दीवर पठाणांवर वापरले गेले. १८९९ च्या हेग परिषदेने माणसांवर अशी गोळी झाडणे निषिद्ध ठरवले. ब्रिटनने सही करायला १९०७ उजाडले. तेच साल, ज्या साली पठाणाच्या हाती साहेबाची गोळी जाऊ नये म्हणून बंदी आली.

आपल्या फिकहमध्येही या प्रश्नाची चर्चा झाली आहे आणि ती बंदुकीच्या आधीपासूनची आहे. अदी बिन हातिम यांच्या हदीसमध्ये तत्त्व सांगितले आहे की हत्यार धारेने लागले तर शिकार खा. आडवे लागून माराने मेले तर खाऊ नका. फुकहांनी हाच नियम मातीच्या ‘बुंदुक’ला लावला आणि पुढे शिशाच्या गोळीला. हनफी मत असे पडले की गोळी कापत नाही, जोराने फोडते. म्हणून जनावर जिवंत हाती लागून जबह झाले तरच हलाल. इतर काही आलिमांनी गोळीला आरपार जाणारे हत्यार मानून परवानगी दिली. म्हणून १९७२ पूर्वीच्या, शिकार कायदेशीर होती त्या काळातल्या गोष्टींत, बार झाला की कोणीतरी सुरी घेऊन धावत सुटलेला असतो. काडतुसाची ताकद वाढत गेली तसा त्या धावणाऱ्याचा वेळ कमी होत गेला.

छापील आकडा आणि हाताने भरलेला बार

१९५६ मध्ये अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने ४५८ मॅग्नम काढले. दुनळीची ताकद, पण साध्या, स्वस्त रायफलीत. कागदावर ५०० ग्रेनची गोळी आणि सेकंदाला २१३० फूट. अडचण होती पुंगळीची. अडीच इंचात तेवढी दारू मावत नव्हती, ती दाबून भरावी लागे. दाबलेली दारू कालांतराने गच्च होऊन तिचे ढेकूळ बने आणि नीट जळत नसे. गोळी छापील वेगाच्या बरीच मागे राहू लागली. १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला जखमी रानरेड्याने उडवले. तो वाचला आणि नंतर त्याने ३७५ ची लांब पुंगळी घेऊन, तोंड रुंद करून, दारूला पुरेशी जागा असलेले काडतूस तयार केले. ४५८ लॉट हे १९७१ चे.

हाताने काडतूस भरणारे लोक आकड्यांबद्दल इतके चिकित्सक का असतात, ते या गोष्टीतून कळते. ते दारू ग्रेनमध्ये तोलतात. एका पौंडात ७००० ग्रेन. वेग यंत्रावर मोजतात. दुनळीच्या बाबतीत तर हे आणखी नाजूक. दोन नळ्या कारखान्यात एका ठराविक बारासाठी जुळवलेल्या असतात, म्हणजे त्या बाराने दोन्हींच्या गोळ्या एकाच जागी पडतात. बार बदलला की गोळ्या फाकतात. कॉर्डाइट आज मिळत नाही. म्हणून जुन्या ४७० चा मालक नव्या दारूने तोच जुना २१५० चा वेग शोधत बसतो. त्याहून वेगवान बार त्याच्या कामाचा नसतो. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराने नळ्या जिथे जुळवल्या, तिथेच त्याला पोहोचायचे असते.

आपल्याकडे काय उरले

१९१२ नंतर लवकरच महायुद्ध झाले, मार्टिनी जुनी झाली, ४५० ची धास्तीही विरली. पण ती विचारपद्धती राहिली. सैन्याचे काडतूस ३०३ होते, म्हणून नागरिकाला ३०३ नाही. त्याच्यासाठी ३१५ बोर. गंमत म्हणजे ३१५ ची गोळी ३०३ पेक्षा जाड आहे. मुद्दा ताकदीचा नव्हताच. सरकारी काडतूस आणि रयतेचे काडतूस एकमेकांत बसता कामा नये, एवढाच होता.

देश स्वतंत्र झाला. १८७८ च्या कायद्याच्या जागी १९५९ चा कायदा आला, गोऱ्याला सूट देण्याचा प्रश्नच संपला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबवली आणि ते उत्तम झाले; १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या नेपाळ मोहिमेत ३९ वाघ मारले गेले, तसे चालू राहिले असते तर आज ताडोबात बघायला काही उरले नसते. परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि गावोगाव गोळीबाराच्या बातम्या वाचणाऱ्या माणसाला त्यात गैर वाटणार नाही. मलाही वाटत नाही.

पण ३१५ आणि ३०३ मधली रेघ आजही तशीच आहे. ईशापूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी ३१५ च्याच रायफली बनवल्या. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे १८५७ नंतर बारा वर्षांनी उभा राहिलेला. त्याच्या पुंगळ्यांच्या बुडावर के आणि एफ ही दोन अक्षरे असतात. ती पुंगळी हातात घेतली तर एवढे लक्षात ठेवावे की तिची जाडी कोणत्याही जनावराकडे बघून ठरलेली नाही. ती ठरवताना सरकारची नजर आपल्याच रयतेवर होती.